केश्वाचाकाचा गवती पूल: कुस्कोहून एका दिवसाची सहल आणि तिची तारीख

मार्च २०२१ मध्ये पेरूमधला केश्वाचाकाचा गवती पूल तुटून अपुरिमाक नदीत पडला. पावसाळ्याचे दिवस होते, पण ते दरवर्षीच असतात. वेगळं घडलं होतं ते आदल्या जूनमध्ये. कोविडच्या टाळेबंदीमुळे २०२० सालचं पुलाचं नूतनीकरण झालंच नाही. बारा महिन्यांच्या हिशेबाने वळलेल्या दोरांवर दुसरा पावसाळा आला आणि तो त्यांना झेपला नाही. जून २०२१ मध्ये गावकऱ्यांनी पूल पुन्हा बांधला.

पेरूतल्या कुस्को शहराहून एका दिवसात हा पूल बघून येणाऱ्याने हे प्रकरण आधी समजून घ्यावं. गाडी, जेवण, कपडे यांची सोय कशीही लागते. पण तिथे काय दिसेल, पूल ओलांडता येईल का आणि ओलांडावा का, हे सगळं आपण वर्षाच्या कोणत्या आठवड्यात तिथे पोचतो यावर ठरतं. माचू पिच्चूला जूनऐवजी सप्टेंबरमध्ये गेलात तर दगड तेच असतात. इथे जूनमधला पूल आणि मार्चमधला पूल यांत फार मोठा फरक असतो, आणि सहलीच्या जाहिरातींत तो सांगितलेला नसतो.

पूल कुठे आणि कोणाचा

कुस्को विभागातल्या कानास प्रांतात केवे नावाचा जिल्हा आहे. तिथे अपुरिमाक नदी खडकाळ घळीतून वाहते. या घळीवर, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,७०० मीटर उंचीवर, हा पूल टांगलेला आहे. लांबी साधारण २८ मीटर, रुंदी जेमतेम सव्वा मीटर. दोन्ही काठांवर दगडी चौथरे आहेत आणि तेच या बांधकामातले कायमचे भाग. मधलं सगळं गवत आणि काटक्या.

विंचिरी, चाउपिबांदा, चोक्काइवा आणि कोयाना केवे ही चार केचुआभाषक गावं पुलाची जबाबदारी वाहतात. इंका राज्यात रस्ते आणि पूल राखणं ही त्या त्या भागातल्या लोकांची श्रमाची बांधिलकी होती. कुस्कोत जन्मलेले गार्सिलासो दे ला वेगा यांनी १६०९ साली छापलेल्या इतिहासात असे दोरांचे पूल आणि ते वारंवार नव्याने घालण्याची रीत नोंदवली आहे. बाकीचे पूल एकेक करून गेले. दगडी, लोखंडी, काँक्रीटचे आले. केश्वाचाकाजवळही गाड्यांसाठी पोलादी पूल आहे, त्यामुळे पलीकडे जाण्यासाठी गवती पुलाची कोणालाच गरज उरलेली नाही. तरीही गावं तो बांधतात. २००९ मध्ये पेरू सरकारने त्याला राष्ट्रीय वारशाचा दर्जा दिला. युनेस्कोने २०१३ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत जी नोंद केली तिच्यात पुलाच्या वार्षिक नूतनीकरणाचं ज्ञान, कसब आणि विधी आहेत. वारसा म्हणून जपायचं ते हे काम, ही नोंद आम्हाला अगदी योग्य वाटते. कोकणात पऱ्ह्यावरचा लाकडी साकव गाव मिळून दरवर्षी नव्याने घालत असे. पूल कोणाचा आणि किती जुना, हे प्रश्न तिथेही याच अंगाने विचारावे लागतात. ‘पाचशे वर्षांचा पूल’ असं सगळीकडे लिहिलेलं असतं. पण तुमच्या पायाखालचं गवत बहुतेक वेळा वर्षभराच्या आतलं असतं.

गवताच्या काडीपासून दोरखंडापर्यंत

यासाठी कोया नावाचं डोंगरमाथ्यावरचं चिवट गवत वापरतात. इचू म्हणून अँडीजमध्ये जे गवत ओळखलं जातं त्याच जातकुळीतलं हे. ते कापून वाळवतात आणि वळायच्या आधी पाण्यात भिजवून दगडाने ठेचतात. ठेचणं ही पायरी वगळली तर काडी पिळताना मोडते. मोडलेल्या काड्यांची दोरी ताण आला की तिथेच उसवते. ठेचल्यावर काडी चपटी होते, एकमेकींना घट्ट चिकटून बसते.

मग दोन्ही तळव्यांमध्ये धरून पीळ भरायचा. दोन पेड स्वतंत्रपणे एका दिशेने पिळायचे आणि एकमेकांवर उलट्या दिशेने चढवायचे. पेड उलगडायला बघतात तेव्हा जोडाचा पीळ आणखी आवळतो, म्हणून दोरी मोकळी सुटत नाही. काडी हातभर लांब असते, दोरी मात्र कितीही लांब करता येते. एक काडी संपायच्या आत दुसरी आत सरकवायची. मात्र दोन्ही पेडांमध्ये नवी काडी एकाच जागी घालायची नाही. तसं झालं तर तीच जागा कच्ची राहते. या बारीक दोरीला केश्वा म्हणतात आणि प्रत्येक कुटुंबाला ठरलेल्या लांबीची केश्वा द्यावी लागते. वळण्याचं काम घराघरांत नूतनीकरणाच्या आधीच सुरू होतं. बायका हे काम मोठ्या प्रमाणावर करतात. घळीवरच्या प्रत्यक्ष बांधणीपासून मात्र परंपरेने त्यांना दूर ठेवलं जातं.

जूनमध्ये, साधारण दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास, चार दिवसांचं काम असतं.

पहिल्या दिवशी पाको, म्हणजे विधी करणारा जाणकार, पाचामामा या धरतीमातेला आणि आसपासच्या डोंगरदेवतांना कोकाची पानं, मका वगैरे अर्पण करतो. मग घरोघरच्या केश्वा गोळा होतात. त्या सपाट जागी लांबच लांब पसरतात, अनेक दोऱ्यांचा जुडगा करून दोन टोकांकडून माणसं पीळ देतात आणि त्यातून मनगटाएवढा दोर तयार होतो. असे तीन दोर घेऊन तिपेडी वेणी घालायची, की पुलाचा मुख्य दोरखंड झाला. असे चार दोरखंड तळाला लागतात. कठड्याला दोन, ते तळाच्या दोरखंडांहून बारीक.

वेणी घालताना दर थोड्या अंतरावर माणसं तिन्ही दोर ओढून धरतात. एक दोर सैल राहिला तर भार उरलेल्या दोघांवर येतो आणि दोरखंड पुढे वाकडा ताणला जातो. म्हणून कसबी माणूस वेणीवर हाताने दाबत, थोपटत पुढे सरकतो. जिथे हाताला पोकळी लागते तिथे काम थांबतं, मागचं उलगडतं आणि पुन्हा घातलं जातं.

दुसऱ्या दिवशी जुन्या पुलाच्या आधाराने नव्या दोऱ्या पलीकडे नेतात. मग जुना पूल कापून नदीत सोडून देतात; गवतच ते, कुजून जातं. नवे दोरखंड दोन्ही काठांच्या चौथऱ्यांवर आडव्या तुळयांभोवती गुंडाळून आवळायचे असतात. दोन्ही बाजूंनी माणसांच्या रांगा ओढत असतात आणि या एका कामात दिवसाचा बराचसा भाग जातो. नवा दोरखंड पहिल्या तासाभरात ताणून लांब होतो, म्हणून तो पुन्हा पुन्हा ओढावा लागतो. मार्च २०२१ नंतर मोठी अडचण इथेच होती: जुना पूल आधीच नदीत, त्यामुळे पहिली दोरी पलीकडे नेण्याचा नेहमीचा मार्गच उरला नव्हता.

तिसरा दिवस चाकारुवाक म्हणवल्या जाणाऱ्या पूलकर्त्यांचा. हे कसब बापाकडून मुलाकडे येतं. ते दोन टोकांकडून निघतात, दोरखंडांवर बसून पुढे सरकत कठड्याचा दोर आणि तळ यांच्यामध्ये केश्वाचं उभं विणकाम करतात आणि मध्यावर भेटतात. तळाचे चार दोरखंड आडव्या दोऱ्यांनी जखडले जातात आणि वर काटक्या व गवताची चटई अंथरली जाते. चौथ्या दिवशी पूल खुला होतो; खाणंपिणं, वाजतगाजत नाच.

झोळ, ताण आणि पाणी

नवा पूलही मध्यभागी खाली झुकलेला असतो. पाहणाऱ्याला वाटतं, अजून घट्ट ओढायला हवा होता. पण हा झोळ जाणूनबुजून ठेवलेला असतो. दोराचं स्वतःचं वजन बाजूला ठेवून साधा हिशेब मांडू. २८ मीटरच्या पुलाच्या मध्यावर ७५ किलोचा माणूस उभा आहे. झोळ २.८ मीटर असेल तर दोरांवर एकूण सुमारे १९० किलो ताण येतो. पूल ओढून झोळ १.४ मीटर केला तर तोच माणूस सुमारे ३७५ किलो ताण आणतो. झोळ निम्मा, ताण दुप्पट. ताठ पूल चालायला सोपा, पण दोराला आणि चौथऱ्याला जड. फार सैल सोडला तर टोकांजवळची चढण उभी होते आणि वाऱ्याला तो जास्त हेलकावतो. किती ओढायचं हा मधला नेमका अंदाज हीच पूलकर्त्याची खरी विद्या. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठाचे जॉन ओक्सनडॉर्फ यांनी या पुलांचा अभियांत्रिकीच्या अंगाने अभ्यास केला आहे. २००७ मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांनी सिसालच्या सुतळीतून सुमारे १८ मीटरचा असा पूल वळून टांगला होता.

मग केश्वाचाकाचा पूल दुसऱ्या वर्षी का टिकत नाही? ओलं गवत जड होतं आणि कुजतं. वेणीच्या आतला भाग उन्हात सहज वाळत नाही, म्हणून कुजणं आतून सुरू होतं, वरून दिसत नाही. कोरड्या महिन्यांत या उंचीवरचं प्रखर ऊन बाहेरच्या काड्या ठिसूळ करतं. चौथऱ्याच्या कडेवर दोरखंड वाकतो तिथे प्रत्येक हेलकाव्याला घासतो. शिवाय चारही दोरखंड सारखे लांबत नाहीत, त्यामुळे काही महिन्यांनी तळ एका बाजूला कलंडतो. आधी चटई विरते, मग बाजूचं विणकाम सुटतं आणि मुख्य दोरखंड शेवटी हार मानतात. डिसेंबर ते मार्च पाऊस. म्हणजे जूनचा पूल एकच पावसाळा काढतो आणि पुढच्या जूनला बदलतो. २०२० चा जून चुकला तेव्हा हे सगळे दोष घेऊन तो दुसऱ्या पावसाळ्यात शिरला. एखादी देखभाल राहून गेली आणि थोडा फरक पडला, असं इथे होत नाही. गावं एका जूनला जमली नाहीत तर पुढच्या जूनपर्यंत पूल राहील याची खात्री नसते.

तारखेचा निर्णय

नूतनीकरणाच्याच दिवसांत जायचं ठरवलंत तर बांधणी दिसते, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ओलांडायला पूलच नसतो. त्या दिवसांत गर्दी असते, रस्त्यावर गाड्या अडकतात. कामाच्या आणि विधीच्या जागी कुठवर जायचं ते गावकरी सांगतात आणि ते मुकाट्याने पाळायचं. एकच दिवस हातात असेल तर आमची पसंती दुसऱ्या दिवसाला: दोरखंड ओढण्याचं काम त्या दिवशी दिसतं आणि अख्ख्या प्रकरणाचा जीव तिथे आहे. नेमकी तारीख दरवर्षी वेगळी जाहीर होते, ती कुस्कोत पोचण्याआधी पक्की करून घ्यावी.

पूल ओलांडायचाच असेल तर जूनचा उत्तरार्ध ते ऑगस्ट उत्तम. गवत नवं, विणकाम दाट, चटई भरीव. २४ जूनच्या इंती रायमी उत्सवासाठी कुस्कोला जाणाऱ्यांना नवा पूल आयताच मिळतो, फक्त त्या आठवड्यात राहण्याची जागा आणि गाडी खूप आधी ठरवावी लागते. ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंतही ठीक. जानेवारी ते मार्चमध्ये मात्र ही सहल फक्त पुलासाठी आखू नये. तेव्हा तो ओला, कललेला, कधी बंद असतो, आणि एप्रिल-मेमध्ये सगळ्यात जीर्ण.

प्रत्यक्ष दिवस

पहाटे पाचला कुस्को सोडावं. सिक्वानी-पुनोकडे जाणारा महामार्ग धरला की ओरोपेसा, आंदावायलियास, उर्कोस, चेकाकुपे अशी गावं लागतात आणि साधारण दोन तासांत कोंबापाता येतं. इथे महामार्ग सोडून यानाओकाचा रस्ता पकडायचा. यानाओका सुमारे ३,९०० मीटरवर आहे. पुढे केवे आणि मग नदीकाठची उतरण. एकूण तीन ते चार तास. गाडीरस्त्यापासून पुलापर्यंत थोडी पायवाट आणि पायऱ्या. उतरताना काही वाटत नाही, परत चढताना मात्र दम लागतो.

सकाळी नऊच्या सुमारास पोचणं दोन कारणांनी चांगलं. टोळीने येणाऱ्या सहली त्यानंतर येतात, आणि दुपारनंतर घळीत वारा वाढतो. गावाचं छोटं प्रवेशशुल्क असतं, ते सोल या पेरूच्या चलनात रोख द्यायचं. सुट्टे पैसे जवळ ठेवा. पुलाशी दीड-दोन तास पुरतात. त्यात आधी वीस मिनिटं वरच्या काठावरून नुसतं बघण्यात घालवावीत, कारण झोळ, कल आणि चौथऱ्यावरची बांधणी तिथूनच नीट दिसते. परतताना पाम्पामार्का, आस्नाकोचा, अकोपिया आणि पोमाकांची या चार तळ्यांच्या बाजूने येता येतं. याच भागात तुंगासुका आहे, जिथून नोव्हेंबर १७८० मध्ये दुसऱ्या तुपाक अमारूचं स्पॅनिश सत्तेविरुद्धचं बंड पेटलं. वेळ असेल तर तिथे अर्धा तास थांबावं.

स्वतःच्या हिमतीने जायचं असेल तर कुस्कोहून सिक्वानीची बस, कोंबापाताला उतरून यानाओकाची सामायिक टॅक्सी, आणि पुढे यानाओकात टॅक्सी ठरवून. या मार्गाने जाणारे अडकतात ते परतीला. टॅक्सी एका फेरीचीच ठरवली तर पुलाजवळ दुसरी गाडी मिळेलच असं नाही. थांबण्याच्या वेळेसह जाऊन-येऊन भाडं आधी बोलून घ्यावं आणि अर्धे पैसे परतल्यावर द्यावेत. या महामार्गावर आंदोलनांमुळे नाकेबंदी होते. आदल्या संध्याकाळी राहत्या हॉटेलात चौकशी करावी. नाकेबंदी असेल तर पहाटे निघूनही उपयोग नसतो.

पुलावर पाय ठेवताना

पुलावर कोण आणि किती जण जाणार हे तिथला गावकरी ठरवतो. त्याचा शब्द अखेरचा. कठड्याचे दोन्ही दोर धरायचे म्हणजे हात मोकळे हवेत. फोन आणि कॅमेरा गळ्यात बांधून आत सरकवलेला, पाठीवरची पिशवी काठावर ठेवलेली. पाऊल मधल्या दोन दोरखंडांवर पडेल असं बघायचं, चटईच्या भोकांवर नाही. उंच टाचा किंवा काठी यांनी चटई भोसकली जाते. एका तालात चालू नये, कारण हेलकावे वाढत जातात. सावकाश, पाऊल सरकवत जावं. मध्यावर पोचलं की उतार संपून चढ सुरू होतो आणि नेमकं तिथे थांबून फोटो काढण्याचा मोह होतो. एकटे असाल आणि वारा नसेल तर काढा, मागे माणसं असतील तर पुढे चला. लहान मुलांना पलीकडे नेऊ नये. कठड्याचं विणकाम त्यांच्या उंचीला विरळ असतं. भीती वाटली तर पहिल्या चार-पाच पावलांतच मागे फिरावं, मध्यावर पोचून वळणं अवघड जातं.

उंची, थंडी, खाणं

मुंबई-पुण्याहून गेलेल्या माणसाला सगळ्यात आधी उंचीचा त्रास होतो. ३,७०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाहूनही कमी असतो. कुस्कोत उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशी ही सहल करू नये. कुस्को स्वतः ३,४०० मीटरवर आहे, तिथे किंवा त्याहून खालच्या उरुबांबा खोऱ्यात दोन-तीन रात्री काढाव्यात. उंचीच्या त्रासावरचं अ‍ॅसिटाझोलामाइड हे औषध घ्यायचं असेल तर निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारून. डोकेदुखी आणि मळमळ वाढत गेली, चालताना तोल जाऊ लागला, तर पूल विसरून खाली उतरायचं.

जून-जुलैत पहाटे पारा शून्याखाली जातो आणि अकराला ऊन चटके देतं. थरांचे कपडे, टोपी, सनस्क्रीन, माणशी दोन लिटर पाणी. जेवण कोंबापाता किंवा यानाओकात मिळतं: सूप, उकडलेले बटाटे, मका, चीज. शाकाहाऱ्यांनी सुपाचं पाणी मांसाचं असतं हे धरून चालावं. ओरोपेसा पावासाठी प्रसिद्ध आहे, पण पिठात चरबी असू शकते, विचारून घ्यावं. थेपले, दशम्या, सुका मेवा बरोबर असला की दिवस निभतो. कोकाचा चहा तिथे सर्रास देतात आणि तिथे तो कायदेशीर आहे. त्याच्या पुड्या मात्र भारतात आणू नका. कोकाचं पान आपल्याकडे अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतं.

कागदपत्रांचं एक सांगायला हवं. पेरूहून भारतात परतताना पिवळ्या तापाच्या लशीचं प्रमाणपत्र मागतात. लस घेतल्यापासून दहा दिवसांनी ते वैध होतं, नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेनचा किमान सहा महिने वैध व्हिसा असलेल्या भारतीय पर्यटकांना पेरूचा वेगळा व्हिसा लागत नाही, तरी निघण्यापूर्वी नियम पुन्हा तपासावेत.

आणि तिथे पोचल्यावर पूल बंद निघाला तर? गावकऱ्याशी हुज्जत घालू नका, जास्त पैसे देऊ करू नका. तो बंद ठेवतो कारण दोर त्याने हाताने चाचपलेला असतो. काठावरून पाहा, शुल्क द्या, कोणी केश्वा वळून दाखवत असेल तर तिथे बसा आणि त्या कामाचे पैसे वेगळे द्या. मग परतीच्या वाटेवर चेकाकुपेला थांबा. वसाहतकालीन दगडी पूल, नंतरचा लोखंडी पूल आणि इंका पद्धतीचा दोरांचा पूल तिथे एकाच नदीवर शेजारी शेजारी आहेत, तेही महामार्गाला लागूनच.